सवय, सराव आणि लाड : चिनी भाषेतलं 'क्वान' हे अक्षर नव्यांनी कसं शिकावं

चीनमध्ये नवीन राहायला गेलं की "कुठून आलात" याच्या खालोखाल जो प्रश्न सतत कानावर पडतो तो म्हणजे "छ्र त क्वान मा?", इथलं जेवण चालतंय ना तुम्हाला, सरावलात ना. मी हांगचौला कामासाठी गेलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी घरमालकीणबाई वाडगाभर भाताची पेज आणि वर थोडं लोणचं घेऊन दारात उभ्या. त्यांना सगळे 'आयी' म्हणायचे, आणि त्यातला 'यी' हा मूळचा आईच्या बहिणीसाठीचा शब्द आहे, म्हणजे आपली मावशीच. तर मावशींनी हाच प्रश्न विचारला. 'छ्र' म्हणजे खाणं एवढं माहीत होतं, शेवटचा 'मा' आला की प्रश्न असतो हेही माहीत होतं, मधलं 'क्वान' मात्र मला 'फानक्वान' मधलं वाटलं, म्हणजे खानावळ, आणि मी सांगून टाकलं की नाही नाही, मी बाहेर नाही जेवत. त्या थोड्या थांबल्या आणि हळू बोलून पुन्हा विचारलं.

त्या दिवसापासून हे एक अक्षर मी नीट धरलं. क्लासमध्ये ते 'शीक्वान म्हणजे सवय' असं एका ओळीत उरकतात आणि पुढे जातात, पण माझं स्पष्ट मत आहे की या अक्षराचं खरं काम त्या जोडशब्दात नाहीच, ते क्रियापदाच्या शेपटीला येतं तिथे आहे, आणि ती शेपटी मराठी माणसाला इंग्रजीवाल्यापेक्षा फार लवकर कळते. कशी ते क्रमाने सांगतो.

सुरुवातीला एक सूचना. इथे सगळं देवनागरीत लिहिलंय, तेव्हा शेजारी मोबाइलवर कुठलंही चिनी डिक्शनरी ॲप उघडून ठेवा आणि रोमनमध्ये जी-यू-ए-एन टाकून चौथ्या सुरातलं अक्षर शोधा (खूप सापडतील, हवं ते कसं ओळखायचं ते दुसऱ्या पायरीत आहे). शब्दापुढचा आकडा म्हणजे सूर: १ वरचा सपाट, २ चढता, ३ खाली दबलेला, ४ झटक्यात उतरणारा, आणि आकडा नसेल तर हलका उच्चार करून पुढे जायचं.

पायरी १ : आधी कान आणि तोंड

रोमन स्पेलिंगमध्ये सुरुवातीला 'ग' दिसतो म्हणून आपले बहुतेक लोक 'ग्वान' म्हणतात. समोरच्याला कळतं, पण चिनी प्रमाणभाषेत आपल्यासारखा ग, ब, द नाहीच. रोमनमधला जी म्हणजे आपला 'क', आणि रोमनमधला के म्हणजे आपला 'ख'. तसंच बी म्हणजे प, पी म्हणजे फ (ओठ मिटून म्हणायचा तो, दात लावून नाही), डी म्हणजे त, टी म्हणजे थ. इंग्रजी बोलणाऱ्याला क आणि ख यातला फरक शिकायला महिनोन् महिने लागतात, आपण तो बालवाडीच्या बाराखडीत शिकून आलेलो असतो, फक्त रोमन स्पेलिंग डोळ्यासमोर आलं की विसरतो. म्हणून वहीत पहिल्या दिवसापासून 'क्वान' असंच लिहा. आणि 'ख्वान' झालं तर ते भलतंच अक्षर आहे, 'फू४ख्वान३' म्हणजे पैसे चुकते करणं, दुकानात मोबाइलवरून पैसे देताना रोज दिसेल.

सूर चौथा. आपण पोराला "गप!" किंवा "बस!" म्हणतो तेव्हा आवाज जसा वरून धाडकन खाली येतो तसा. पुढे 'शी२' लावायचा असेल तर तो "काय?" विचारताना चढतो तसा चढवायचा. म्हणजे शी२क्वान४ हा शब्द वर चढून खाली आपटतो. आरशासमोर उभं राहून दहा वेळा "काय? बस!" म्हणा आणि मग त्याच चालीवर शी-क्वान म्हणा, मी असंच बसवलं.

सूर चुकला तर काय होतं ते वर सांगितलंच, क्वान३ म्हणजे खानावळीतलं, संग्रहालयातलं 'घर', आणि आणखी एक क्वान३ म्हणजे देखरेख करणं, क्वान१ म्हणजे बंद करणं. शेवटचा न सुद्धा जपा. तो जीभ दाताला टेकवून पूर्ण म्हणायचा. नाकात गेला की 'क्वांग४' होतं आणि त्याचा अर्थ बाजारात उगाच हिंडणं.

पायरी २ : अक्षर ओळखा आणि हाताने काढा

डावीकडे मनाची खूण आहे. एक उभी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक टिंब. चिनीत हृदय आणि मन याला एकच अक्षर आहे आणि ते डाव्या बाजूला उभं केलं की असं बारीक होतं. राग, भीती, आठवण अशा कितीतरी अक्षरांत ही खूण दिसते. काढताना आधी डावं टिंब, मग उजवं, मग उभी रेघ.

उजवीकडे वर एक बसका चौकोन, त्यात मधोमध एक उभी रेघ आणि एक आडवी, आणि ती आडवी रेघ चौकोनाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर निघालेली. त्याच्या खाली शिंपल्याचं अक्षर, म्हणजे खालून उघडी चौकट आणि तिला दोन पाय. वरच्या चौकोनात क्रम पाळा: डावीकडून खाली येऊन वळणारी रेघ, मग वरून जाऊन उजवीकडे उतरणारी, मग मधली उभी, आणि सगळ्यात शेवटी ती लांब आडवी. डाव्या खुणेच्या ३ आणि उजव्या भागाच्या ८ मिळून ११ रेघा. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनं रूप चालतं, त्यात शिंपला पूर्ण काढतात आणि रेघा १४ होतात.

नवीन माणूस इथे हमखास एक चूक करतो, वरच्या चौकोनात दोन टिंबं देतो, आणि मग ते 'आई'चं अक्षर होतं. टिंबं नाहीत, उभी रेघ आहे, एवढं डोक्यात ठेवा.

आता ती आडवी रेघ बाहेर का निघाली ते सांगतो, कारण एकदा हे कळलं की अक्षर विसरायला होत नाही. शिंपला म्हणजे कवडी, जुन्या काळचा पैसा, आणि वरचा भाग म्हणजे कशातून तरी आरपार दोरा घातलेला. चिनी नाणी गोल आणि मधे चौकोनी भोक असलेली असायची, ती दोरीत ओवून ठेवायचे, आणि हजार नाण्यांच्या माळेला 'क्वान' म्हणायचे, अगदी पैसे मोजायचं मापच होतं ते. मिंग राजवटीने १३७५ साली कागदी नोट काढली, वहीच्या पानापेक्षाही मोठी असते ती, त्यातल्या एक क्वानच्या नोटेवर मधोमध नाण्यांच्या दहा माळा चितारल्यात, एकेक माळ शंभराची, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळावं की या कागदाला किती नाणी. तुम्ही शेवटची आडवी रेघ ओढता ना, ती म्हणजे त्या भोकांतून घातलेली दोरी.

अक्षरशास्त्राच्या भाषेत उजवा भाग मुख्यतः उच्चार सांगायला आहे आणि डावा अर्थ सांगायला. पण अर्थाचंही नातं आहेच. हान राजवटीच्या इतिहासग्रंथात कन्फ्यूशियसच्या नावावर एक वाक्य आहे, लहानपणी जे घडतं ते उपजत स्वभावासारखं होतं आणि सवय ही निसर्गासारखी होते, आणि तिथे सवय या शब्दात हे अक्षर मनाच्या खुणेशिवाय, नुसतं ओवलेल्या माळेचं लिहिलंय. एकेक दिवस ओवत जायचं आणि त्याची माळ होते. मला हे फार आवडतं.

पायरी ३ : शी-क्वान, रोजचा जोडशब्द

'शी' तुम्हाला आधीच येतं, कारण श्वे२शी२ म्हणजे शिकणं, ल्येन४शी२ म्हणजे सराव, फू४शी२ म्हणजे उजळणी, या सगळ्यात तेच आहे. जुन्या रूपात वर पिसं आहेत, आणि सुमारे इसवी सन १०० मध्ये शू शेनने लिहिलेल्या कोशात त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा उडणं असा दिलाय, पाखरू उडायचा सराव करतं तसा. आजच्या सोप्या रूपात त्या पिसांपैकी एका पंखाचा तुकडा तेवढा राहिलाय, फक्त ३ रेघा. तेव्हा 'शी' म्हणजे सराव करणं आणि 'क्वान' म्हणजे तो सराव अंगवळणी पडणं. दोन्ही मिळून सवय. चिनी भाषेच्या जुन्या सहा पातळ्यांच्या एचएसके परीक्षेत हा शब्द तिसऱ्या पातळीला होता.

तो नाम म्हणूनही चालतो आणि क्रियापद म्हणूनही.

नाम: हाओ३ शी२क्वान४ चांगली सवय, ह्वाय४ शी२क्वान४ वाईट सवय. सवय लावून घेणं याला यांग३छंग२ म्हणतात आणि त्यातला यांग म्हणजे पोर किंवा जनावर पाळून वाढवणं, म्हणजे सवय 'लागते' असं नाही तर ती खाऊपिऊ घालून वाढवावी लागते. सोडण्याला काय३, म्हणजे बदलणं.

या नामाचा एक फार उपयोगी साचा आहे, खास करून जे पीत नाहीत त्यांच्यासाठी. कामाच्या जेवणावळीत ग्लास भरायला लागले की "वो३ मेय२यौ३ ह१ च्यौ३ त शी२क्वान४", मला दारू प्यायची सवय नाही. 'मी पिणार नाही' म्हटलं तर आग्रह वाढतो, पण सवय नाही म्हटलं की बहुतेक वेळा समोरचा चहा ओततो. सिगरेटसाठी पण हेच, 'ह च्यौ' च्या जागी 'छौ१येन१' टाका.

क्रियापद: "वो३ शी२क्वान४ त्साओ३छी३", मला लवकर उठायची सवय आहे. "वो३ पू४ शी२क्वान४" सवय नाही, जमत नाहीये. "हाय२ मेय२ शी२क्वान४" अजून सवय झाली नाही, आणि नव्या माणसाने हे वाक्य जवळ ठेवावं कारण त्यात 'होईल' असा सूर आहे. आणि झाली की "शी२क्वान४ ल". तुम्ही थंडीबद्दल, गर्दीबद्दल, लोकलसारख्या भरलेल्या मेट्रोबद्दल कुरकुर केलीत की समोरचा म्हणणार "शी२क्वान४ ल च्यौ४ हाओ३", सवय झाली की वाटेल बरं. आपल्याकडे मुंबईत नव्याने आलेल्याला म्हणतात तसंच.

पायरी ४ : शेपटी. इथे थांबा आणि वेळ द्या

चिनीत क्रियापदाच्या मागे एक छोटं अक्षर लावून 'त्या क्रियेचं पुढे काय झालं' ते सांगतात. आपलं 'खाऊन झालं', 'बघून संपलं' असतं तसं. क्वान हे त्यातलंच एक, आणि त्याचा अर्थ 'करून करून अंगवळणी पडलं'. तीन रूपं आहेत.

मधे 'त' घातला तर जमतं, चालतं: छ्र१ त क्वान४, हे जेवण मला चालतं.
मधे 'पु' घातला तर नाही: छ्र१ पु क्वान४.
मधे काहीच नाही आणि शेवटी 'ल' लावला तर सवय होऊन गेलीय: छ्र१क्वान४ ल.

आता इंग्रजी पुस्तकातून शिकणाऱ्याला हे तोंडपाठ करावं लागतं कारण इंग्रजीत असं काही नाही. मराठीत आहे. आपण म्हणतो मला खाववत नाही, बघवत नाही, ऐकवत नाही, चालवत नाही. क्रियापदाच्या पोटात एक 'व' घातला की 'मी करत नाही' याचं 'माझ्याच्याने होत नाही' होतं, दोष ना जेवणाचा ना माझ्या मनाचा, ते होतच नाही. छ्र पु क्वान ऐकलं की मनात आधी 'खाववत नाही' आणा आणि मग त्याला 'कारण सवय नाही' एवढी पुस्ती जोडा. अगदी तंतोतंत नाही, पण ढाचा तोच आहे आणि वाक्य तोंडात यायला यापेक्षा जवळची वाट मला सापडली नाही.

हे वापरायचं कुठे, तर सगळ्यात आधी जेवणाच्या टेबलावर. हांगचौ, सूचौ, वूशी या पट्ट्यात भाजीत मांसात साखर असते, तिखटाची सवय असलेल्या आपल्या जिभेला पहिले काही दिवस ते जड जातं. तिथे 'पू४ हाओ३छ्र१' म्हणजे 'चांगलं नाही लागत' असं म्हणालात तर रांधणाऱ्याला लागतं. त्याऐवजी "थ्येन२ त, वो३ छ्र१ पु क्वान४". गोडाचं असेल ते मला नाही हो चालत. वाक्याचा क्रम पण बघा, ज्याबद्दल बोलायचंय ते आधी आणि मग 'मला', मराठीसारखंच. या वाक्याने यजमान खट्टू होत नाही, उलट पुढच्या वेळी मिरचीची वाटी आठवणीने ठेवतो. माझ्याबाबतीत मावशींनी ठेवली.

बाकीची रोजची क्रियापदं:

च्रू४ पु क्वान४, राहायची सवय होत नाहीये, या घरात या शहरात मन रमत नाही. इथे मात्र मराठीतलं 'राहवत नाही' आणू नका, त्याचा आपला अर्थ 'धीर धरवत नाही' असा वेगळाच होतो.

थिंग१क्वान४ ल, ऐकून ऐकून सवय झालीय, रस्त्यावरचा भोंगा असो की साहेबांची बोलणी.

युंग४क्वान४ ल, वापरून हात बसलाय. जुना फोन का बदलत नाहीस याला हे पुरेसं उत्तर आहे. आपण 'हात बसलाय' म्हणतो, ते 'वापर अंगवळणी पडलाय' म्हणतात.

त्सौ३क्वान४ ल त लू४, पायाखालचा रस्ता.

आणि खान४ पु क्वान४. हे वेगळं काढून ठेवतो कारण याचा अर्थ सरकलाय. शब्दशः 'बघायची सवय नाही', पण वापर नापसंतीचा: डोळ्यात खुपतं, पटत नाही, चीड येते. कोणी रांगेत घुसलं, कोणी म्हाताऱ्या माणसाशी उद्धट बोललं, तर "वो३ खान४ पु क्वान४". आपलं 'बघवत नाही' हे दया येऊन किंवा वाईट वाटून म्हणतो, त्यामुळे आजारी माणसाकडे बघून खान-पु-क्वान म्हणालात तर भलताच अर्थ जाईल. हे माणसांबद्दलही येतं, अमुक माणूस मला खान-पु-क्वान, म्हणजे त्याचं वागणंच डोळ्यासमोर नको वाटतं. ऑफिसात जपून वापरा, धारदार शब्द आहे.

पायरी ५ : एकटं आलं की लाड

आता हेच अक्षर एकटं, क्रियापद म्हणून, आणि पुढे माणूस असेल तर अर्थ होतो लाडावणं. क्वान४ हाय२त्स म्हणजे पोराचे फाजील लाड करणं. क्वान४ह्वाय४ म्हणजे लाडाने बिघडवणं. च्याओ१क्वान४ हा जरा लिखाणातला शब्द, लाडात वाढवणं.

सवय आणि लाड एका अक्षरात कसे काय असं वाटतं, पण आपण काय म्हणतो आठवा: "तूच लावलीस त्याला ही सवय." हेच. दुसऱ्याला सवय लावणं म्हणजेच क्वान. चिनी घरात हे वाक्य असं येतं: "तौ१ श्र४ नी३ क्वान४ त!" म्हणजे हे सगळं तुझ्याच लाडाचं फळ. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक पाच-सहा वर्षांचा मुलगा होता, त्याचं दप्तर रोज आजोबा खांद्याला लावून आणायचे, आजी मागून हातात सोललेलं फळ घेऊन, आणि जिन्यात त्याने भोकाड पसरलं की त्याची आई वरून बाबांना हे वाक्य ऐकवायची, बाबा आजोबांकडे बघायचे आणि आजोबा काहीच ऐकलं नाही असं दाखवून दप्तर घेऊन पुढे. १९८० पासून २०१५ पर्यंत शहरांत बहुतेक घरांत एकच मूल असायचं आणि त्याच्यामागे दोन आईबाप आणि चार आजी-आजोबा, त्यामुळे हे क्रियापद तिथल्या घरांत भरपूर वापरलं गेलंय.

दुसरं ऐकू येणारं वाक्य "प्ये२ क्वान४च था१", त्याचे नखरे चालवून घेऊ नकोस, त्याला डोक्यावर बसवू नकोस. हे मोठ्या माणसांबद्दलही म्हणतात, आगाऊ गिऱ्हाईक, आळशी सहकारी. तरुण पोरं ऑनलाइन 'पू२ क्वान४च' असं लिहितात, म्हणजे मी नाही खपवून घेणार.

यातून एक सापळा तयार होतो. 'मला त्याची सवय झाली' असं म्हणायला नवीन माणूस "वो३ क्वान४ था१" म्हणतो आणि त्याचा अर्थ निघतो 'मी त्याचे लाड करतो'. नियम एवढाच धरा: सवय म्हणायचं तर क्वानला जोडीदार लागतो, त्याच्या आधी शी किंवा छ्र, खान, च्रू असं काहीतरी. एकटा क्वान आणि पुढे माणूस म्हणजे लाड. लिखाणात क्वान४यू२ असं 'ची सवय असलेला' या अर्थाने येतं, ते वाचताना ओळखता आलं तरी पुरे, बोलू नका.

इंग्रजीतून येणारी चूक

हे वेगळं लिहितोय कारण आपले जवळजवळ सगळे इंग्रजी पुस्तकातून शिकतात. इंग्रजीत 'यूज्ड टू' हे दोन कामांना येतं, पूर्वी करायचो आणि सवय आहे. शीक्वानसमोर पुस्तकात 'यूज्ड टू' छापलेलं असतं, मग 'मी पूर्वी नाशिकला राहायचो' हे सांगायला लोक शीक्वान घालतात. चूक. तिथे ई३छ्येन२ म्हणजे 'पूर्वी' हा साधा शब्द घालून नेहमीचं वाक्य करायचं. मराठीत 'राहायचो' आणि 'राहायची सवय आहे' यात कधीच गोंधळ होत नाही, त्यामुळे वाक्य जुळवताना डोक्यात मराठी ठेवा, इंग्रजी नको. तसंच 'मी बऱ्याचदा जातो' हे च्यिंग१छांग२, त्यात सवयीचा संबंध नाही. आणि चटक, व्यसन या अर्थाने क्वान येत नाही, त्याला शांग४यिन३ असा वेगळाच शब्द आहे.

पायरी ६ : वाचताना भेटणारे जोडशब्द

हे पटकन उरकतो, कारण यांचा अर्थ लक्षात आला की झालं.

क्वान४शिंग४, जडत्व. न्यूटनचा पहिला नियम म्हणजे क्वान४शिंग४ तिंग४ल्यू४, इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला गेलेल्या मुलांना पहिल्याच सत्रात लागेल. क्वान४ली४, रिवाज, प्रथा, व्यापारी पत्रात 'आंतरराष्ट्रीय प्रथेप्रमाणे' म्हणून क्वो२ची४ क्वान४ली४ असतं, यीवूहून माल मागवणाऱ्यांनी ओळखून ठेवा. क्वान४युंग४यू३, वाक्प्रचार. क्वान४फान४ म्हणजे सराईत गुन्हेगार आणि क्वान४थौ१ म्हणजे सराईत चोर, आणि बघा, आपणही 'सराव'च्या घरातलाच 'सराईत' तिथे वापरतो.

मनाची खूण नसलेलं नुसतं माळेचं अक्षर ई२क्वान४ (सातत्याने एकसारखं) आणि ची२क्वान४ (मूळ गाव) या शब्दांत येतं. दुसरा शब्द सरकारी फॉर्मवर असतो, तिथे सवयी लिहायच्या नसतात, वाडवडिलांचं गाव लिहायचं असतं.

एक चार अक्षरी म्हण मात्र पाठच करा: स्स१खुंग१ च्येन४क्वान४. स्सखुंग हे जुन्या दरबारातलं बांधकामाच्या मंत्र्याचं पद. थांग काळातला कवी ल्यू यूशी (७७२ ते ८४२) एका मोठ्या अधिकाऱ्याकडे मेजवानीला गेला, नाचगाणं, थाटमाट, आणि त्याने तिथल्या तिथे कविता केली की स्सखुंग महाशयांना हे रोजचं बघून नेहमीचं झालंय पण माझं काळीज तुटतंय, अशी गोष्ट सांगतात. त्यावरून रोज दिसून दिसून ज्याचं काहीच वाटेनासं झालंय अशा कशालाही हे म्हणतात. चांगल्यापेक्षा खटकणाऱ्या गोष्टींबद्दल जास्त, म्हणून मला ती आपल्या 'रोज मरे त्याला कोण रडे'च्या शेजारची वाटते.

टायपिंग आणि शेजारच्या भाषा

फोनवर नुसतं 'क्वान' टाइप केलं की बंद करणं, देखरेख, अधिकारी, डबा असे ढीगभर क्वान समोर येतात आणि नवीन माणूस चुकीचा उचलतो. म्हणून एकटं अक्षर टाइप करायचंच नाही, अख्खा शब्द टाका, शीक्वान किंवा छ्रपुक्वान सलग, कीबोर्ड बरोबर जोडी काढून देतो. उचलताना डावीकडे मनाची खूण आहे ना ते बघा. तिथे पाण्याची तीन टिंबं असतील तर ते ओतणं आहे.

ग्वांगचौ किंवा हाँगकाँगला गेलात तर कँटनीजमध्ये हे अक्षर सवयीच्या अर्थानेही एकटं चालतं, 'म क्वान' म्हणजे सवय नाही, त्यामुळे पाचव्या पायरीतला नियम तिथे लावू नका. आणि पुण्यात जपानी शिकणारे खूप आहेत म्हणून सांगतो, तिथे हेच अक्षर १४ रेघांच्या जुन्या रूपात आहे, जोडशब्द 'शूकान' आणि एकट्याचं क्रियापद 'नारेरु', सवय होणं. लाडाचा अर्थ जपानीत नाही.

सराव कसा करायचा

रोज रात्री त्या दिवशीच्या दोन-तीन गोष्टी घ्या, काय खाल्लं, कुठे बसलात, कसला आवाज ऐकला, आणि प्रत्येकीला शेपटी लावून खरं उत्तर मोठ्याने म्हणा. त पु की ल, तीनपैकी एकच खरं असतं. पाठ केलेलं वाक्य म्हणू नका, त्या दिवशी जे खरं असेल तेच म्हणा. मी वहीत तारीख घालून लिहायचो, आणि 'पु' चा 'त' कधी झाला ते मागे पान उलटून कळायचं. लुंगचिंग चहा आधी ह१ पु क्वान४ होता, दूध नाही साखर नाही, काचेच्या ग्लासात नुसती पानं तरंगणारं पाणी. आठ-दहा पानांनंतर तिथे ह१ त क्वान४ लिहिलंय.

हिवाळ्यात एकदा मावशी पुन्हा पेजेचा वाडगा घेऊन आल्या, वर तेच लोणचं, शेजारी मिरचीची छोटी वाटी. या वेळी प्रश्नातला 'त' गेला होता आणि शेवटी 'मा' च्या जागी 'पा' आला होता, "छ्र१क्वान४ ल पा?", झालं ना आता सवयीचं? मी म्हटलं, "छ्र१क्वान४ ल, आयी."